पाइपच्या तळाशी

१

बाजारात मी तो पाइप ओळखला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ओळखला असता तर बहुधा तिथेच ठेवून आले असते.

नांदेडला इतवाऱ्यात जुन्या सामानाचं एक दुकान आहे. मी कॉलेजात विज्ञान शिकवते, आणि सुटीच्या दिवशी त्या दुकानातून गंजलेली कुलपं, फुटके कंदील, शाईचे पेन आणून दुरुस्त करते. त्या रविवारी एका तुटक्या इस्त्रीखाली पाइप दिसला.

“बाई, ही चिलीम घेऊन काय करून राहिल्या?” दुकानदार म्हणाला. “साहेब ओढतात काय?”

“नाही. साफ करते नुसती.”

“मंग आमचं दुकानच करा की साफ. चिलीम फुकट देतो.”

पाइपची अवस्था वाईट होती. वाटीत कोळशाचा थर इतका चढला होता की करंगळी आत जात नव्हती. तोंडात धरायची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, नळी शेवाळासारखी हिरवट पिवळी पडली होती. लाकूड आणि नळी यांच्या जोडावर एक काळं कडं होतं.

पाइप साफ करायला मी विद्यार्थी असताना शिकले. आमचे चन्नबसप्पा सर लातूरला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. कोईमतूरला शिकताना त्यांना पाइपची सवय लागली होती. प्रयोगशाळेत स्पिरिट होतं, म्हणून त्यांचा पाइप आम्हीच धुवायचो.

वाटीत मीठ भरून त्यावर स्पिरिट ओतलं आणि एक दिवस तसंच ठेवलं. मीठ तपकिरी झालं. थर मऊ पडल्यावर बोथट सुरीनं हळूहळू खरवडला. तळाशी सुरी अडली. तिथे करड्या पांढऱ्या रंगाचा एक कठीण लेप होता. वाटीचा तळ जळून खड्डा पडू लागला की राख पाण्यात कालवून असा लेप देतात. सर त्यासाठी देव्हाऱ्यातली विभूती वापरायचे. “कपाळाला चालते ती पाइपला का नाही चालणार?” असं म्हणायचे. म्हणजे या पाइपचा मालकही आमच्यासारखाच विभूती लावणारा असणार, असं वाटून मला जरा हसू आलं.

नळी बारीक पॉलिश पेपरनं घासली तेव्हा दातांच्या खुणा उघड्या पडल्या. डाव्या बाजूच्या खोल होत्या आणि झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. उजव्या बाजूच्या उथळ होत्या, पण त्यांच्या कडा अजून धारदार होत्या. मी वहीत दोन्ही नोंदवल्या. अर्थ काही लावला नाही.

शेवटी कडं घेतलं. ॲल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा, गरम पाणी. चांदीवरचा काळेपणा पाच मिनिटांत गेला आणि बारीक कोरलेली अक्षरं दिसली.

“च. शि. यांस, विद्यार्थी, २००४.”

ती अक्षरं कोरून घ्यायला सराफाकडे मीच गेले होते. सरांच्या निवृत्तीच्या दिवशी हा पाइप आम्ही त्यांना दिला होता. आणि सहा वर्षांपूर्वी तो जळाला होता. जळालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

२

दुसऱ्या दिवशी रजा टाकून लातूरला गेले. पाइप पर्समध्ये होता. तो सरांच्या पत्नी शरणम्मा काकूंना दाखवायचा की नाही, हे ठरलं नव्हतं.

सरांनी तीस वर्षं किनवटच्या बाजूला, इस्लापूरच्या जंगलात, सफेद मुसळी या औषधी कंदाची रोपं मोजली. जमिनीवर चौकटी आखून दर पंधरा दिवसांनी मोजणी करायची. तशी बावीस रजिस्टरं घरी त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत होती. २०१८च्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, ती खोली पेटली. राखेत जळका पाइप सापडला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “माझाच पाइप. माझाच दोष.” त्यानंतर त्यांनी तंबाखू सोडला आणि एक ओळही लिहिली नाही. दोन वर्षांनी ते गेले.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं काकूंनी फक्त मला सांगितलं होतं.

“मीच ठेवला गं तो तिथं,” त्या आजही म्हणाल्या. मी काही विचारण्याआधीच त्या तिथे येऊन पोचतात. “सोप्यात पडल्या पडल्या ह्यांचा डोळा लागला. हातात पाइप. म्हणलं, अंगावर सांडंल. हळूच काढून घेतला आन् खोलीत नेऊन ठेवला टेबलावर, रजिस्टरापाशी. विझलाय असं वाटलं. वाटीला हात लावून बघितलं न्हाई. मग शेजारी कुरडया घालायला गेले. अर्ध्या घंट्यात धूर.”

“सर काही बोलले नाहीत तुम्हाला?”

“एक शब्द न्हाई. त्यांच्या हातातला पाइप टेबलावर कसा गेला, एवढं बी विचारलं न्हाई कधी. लोकांम्होरं आपल्या अंगावर घेतलं. असा माणूस मिळतो का?” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “त्यांची तीस वर्षं मी जाळली, सुकन्या. जाताना हे सोबत जाणार माझ्या.”

काकू शहात्तर वर्षांच्या आहेत. हे ओझं त्यांच्या सोबत जाणार की इथेच उतरणार, ते माझ्या पर्समधल्या वस्तूवर होतं.

मी जळका पाइप बघायला मागितला. खोलीतून वाचलेल्या वस्तू त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. पाइपचं लाकूड अर्धं कोळसा झालेलं होतं, नळी पूर्ण गेलेली, कडं नव्हतं. चांदी वितळून गेली असं तेव्हा सगळे म्हणाले आणि मीही मान डोलावली. त्याच डब्यात तांब्यावरचं एक झाकण होतं. काजळलेलं, पण वाकलेलंही नाही.

“हे कुठं होतं, काकू?”

“टेबलावरच. पाइपाशेजारी.”

झाकण ॲल्युमिनियमचं होतं. ॲल्युमिनियम सहाशे साठ अंशांना वितळतं, चांदी नऊशे साठच्या पुढे. एकाच टेबलावर झाकण शाबूत राहून चांदी नाहीशी होऊ शकत नाही. हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना शिकवते.

जळालेला पाइप वेगळाच होता.

“चहा टाकते,” म्हणून काकू उठल्या. ओट्यावर विजेची शेगडी होती. देव्हाऱ्यात बाजारातली विभूतीची वडी.

“घरची विभूती संपली का?”

“बंद केली. गोवऱ्या पेटवाव्या लागतात ना तिला. लग्नापासून विकतची कधी आणली न्हाई मी, पण त्या दिवसापासून हातात काडी धरवत न्हाई. बघ, शेगडी बी विजेची घेतली.” मग कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढत म्हणाल्या, “मेंदू बी बिघडला होता मधी. आगीनंतर मला त्या तंबाखूचा वास यायचा. कधी गच्चीच्या जिन्यात, कधी ह्यांच्या सदऱ्याला. ह्यांना सांगितलं. ‘मनाचा खेळ आहे, शरणम्मा’ म्हणाले. सोता घेऊन गेले डॉक्टरकडं. गोळीनं गुण आला. ते गेल्यापासून तर एकदा बी वास न्हाई.”

मी देव्हाऱ्यातल्या वडीचा एक तुकडा मागून घेतला. लाकडी डबीच्या कोपऱ्यात घरची जुनी विभूती चिमूटभर उरली होती, तीही घेतली. काकूंना वाटलं, लावायला नेतेय.

“पाइप कुठून आला तुझ्याकडं?” असं त्यांनी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, म्हणून तो पर्समधून काढलाच नाही. ते आधी मल्लिनाथकडून घ्यायला हवं होतं.

३

मल्लिनाथ सरांचा पुतण्या. आग लागली तेव्हा तो त्यांच्याकडेच राहत होता. आता अर्धापूरला केळीच्या वखारीत हिशेबनीस आहे आणि राहायला नांदेडला. सर गेले ते त्याच्याच घरी.

मी त्याच्यासमोर टेबलावर पाइप ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

“काकूला सांगू नका, ताई.”

“काय सांगू नको?”

“बॅग विकली ते. काकांची बॅग होती माझ्याकडं, कुलूप लावलेली. चार वर्षं माळ्यावर पडली. दिवाळीला घर आवरताना बायको म्हणाली काढा, काढली. भंगारवाल्यानं कुलूप तोडलं असंल. आत काय होतं मला खरंच न्हाई माहीत.”

“आगीच्या दिवशी तू कुठं होतास?”

“म्हणजे?” तो खुर्चीतून अर्धा उठला. “चोर समजून राहिल्या का मला? बँकेची परीक्षा होती माझी, सोलापूरला. हॉलतिकीट दाखवू?”

“बस, मल्लिनाथ. बॅग तुझ्याकडं कशी आली, तेवढं सांग.”

“काका दर महिन्याला यायचे डोळे दाखवायला. मुक्काम माझ्याकडं. सकाळी नाश्ता करून बॅग घेऊन नदीच्या घाटावर जायचे, दुपारी यायचे. बॅगला कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. शेवटच्या वेळी बी संगं होती, आन् रात्रीतच गेले.”

“नाश्त्याला काय द्यायचास?” हे मी सहज विचारलं, त्याला थोडं शांत करायला.

“काय देणार? दुधात भाकर कुस्करून. आग लागली त्याच साली दसऱ्याला डावीकडच्या चारी दाढा काढल्या होत्या ना त्यांच्या. एका अंगानंच खायचे. कवळी काही लावली न्हाई.” मग त्याचा आवाज पुन्हा चढला. “आन् मलाच काय विचारता? आग लागली तवा दारात कोण उभं होतं ते विचारा की. महानंदाताई! रजिस्टरं तिलाच पाहिजे होती.”

महानंदा माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी सरांच्या हाताखाली एकाच वेळी प्रबंध लिहिला. आगीनंतर वर्षभरात मुसळीवर तिचा लेख आला आणि लोक कुजबुजले, रजिस्टरं आधीच हलवली असतील, मग काडी लावली असेल. मी त्यावर काही बोलले नाही. तिचे फोन उचलणं मात्र बंद केलं.

४

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुपारी कुणी नव्हतं. तीन परीक्षानळ्या घेतल्या. पहिलीत घरची विभूती, दुसरीत बाजारच्या वडीचा चुरा, तिसरीत पाइपच्या तळाच्या लेपाचे कण. तंबाखूच्या राखेतही कार्बोनेट असतं, म्हणून लेपाचा वरचा थर टाकून दिला आणि आतला लाकडालगतचा घेतला. तिन्हींत सौम्य आम्लाचे पाच पाच थेंब टाकले.

काकूंची विभूती शेणाची. जाळून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, पुन्हा भाजून केलेली. तिच्यात मोजून चारदोन बुडबुडे आले. बाजारची वडी फसफसून नळीच्या काठापर्यंत आली. ती जवळजवळ खडूच होती.

तिसरी नळी दुसरीसारखीच फसफसली.

मी नळ्या धुतल्या आणि सगळं पुन्हा एकदा केलं. उत्तर तेच आलं.

काकूंच्या घरात विकतची विभूती आली ती आगीनंतर. म्हणजे हा लेप आगीनंतर दिलेला. त्यावर बोटभर कोळसा चढला होता, म्हणजे पाइप त्यापुढेही बरेच महिने ओढला गेला. कोणी ओढला? डाव्या दातांच्या खुणा जुन्या, उजव्या ताज्या. ताज्या खुणा एखाद्या चोराच्या दातांच्याही असू शकल्या असत्या, एवढ्यावरून मला काही सिद्ध करता आलं नसतं. पण आगीच्याच साली एका माणसाच्या डावीकडच्या दाढा गेल्या होत्या, म्हणजे त्याला पाइप उजवीकडेच धरावा लागला असता. त्या माणसाच्या बॅगेत, त्यानं लावलेल्या कुलपाआड, हा पाइप होता. आणि त्यानं पाइप सोडला असं सगळ्यांना सांगितलं होतं.

काकूंनी टेबलावर ठेवलेला पाइप कुणीतरी उचलला, त्या जागी दुसरा जुना ठेवला आणि काडी ओढली. घरात तेव्हा एकच माणूस होता. सोप्यात झोपलेला.

वहीत मी हे लिहिलं आणि बराच वेळ खाली नाव लिहिलं नाही. पाच प्रयोग नीट झाले तर सहाव्याला आळस करू नये, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचंच नाव होतं ते. त्यांनी असं का केलं, हे मला माहीत नव्हतं. ते महानंदाला माहीत असणार होतं.

५

“सहा वर्षांनी आठवण झाली होय बाईसाहेबांना?” महानंदानं दार उघडून म्हटलं. “ये. चपला काढू नको, लगेच निघायचं असंल तर.”

मी चपला काढल्या. पाइप टेबलावर ठेवला. तिनं उचलला, कड्यावरची अक्षरं वाचली आणि खाली बसली.

“तू त्या दिवशी तिथं का गेली होतीस?” मी विचारलं.

“रजिस्टरं आणायला. सगळी संगणकावर चढवायची होती. त्याआधी चार पानांचे फोटो काढून पाहिले होते, अक्षर वाचता येतं का म्हणून. वाचता आलं. तीच अडचण झाली.”

“म्हणजे?”

तिनं फोन काढला, शोधला, माझ्यापुढे धरला. सरांचं तिरकं, स्वच्छ अक्षर. “२४ जून २००१. सकाळी साडेदहा. इस्लापूर, चौकट तीन. रोपे एकेचाळीस.”

मी तारीख दोनदा वाचली.

“तुझं लग्न, सुकन्या,” महानंदा म्हणाली. “लातुरात. साडेदहाला सर माझ्या शेजारी बसून बुंदी खात होते. दुसऱ्यांदा मागून घेतली होती, आन् मी चिडवलं होतं त्यांना.”

इस्लापूर लातूरपासून दोनशेहून जास्त किलोमीटर आहे.

“अशा किती नोंदी?”

“चार पानांत तीन. एकदा पूर येऊन रस्ता बंद होता तवाची. एकदा ते दवाखान्यात होते तवाची. शुक्रवारी मी त्यांना विचारलं. नीटच विचारलं गं, पाया पडून. म्हणाले, रविवारी ये, सगळं समजावून सांगतो. रविवारी गेले तर धूर.”

“मला का नाही सांगितलंस?”

“जळका पाइप सापडला, मला वाटलं मीच पापी, शंका घेतली म्हाताऱ्यावर. आन् तुला काय सांगू? एकेचाळीसचा आकडा कुठंय, आठवतं का?”

आठवत होतं. माझ्या प्रबंधात, तिसऱ्या प्रकरणात, सातव्या तक्त्यात. त्या आकड्यावरून मी एक वक्ररेषा काढली होती. ती इतकी सुरेख आली होती की सरांनी ती फ्रेम करून भिंतीवर लावली. मुसळी किती खणली तरी पुन्हा येते, असं ती रेषा सांगत होती. इस्लापूरला आता मुसळी शोधावी लागते.

“तुझ्या लेखात आकडे कुणाचे होते?” मी विचारलं.

“माझे. पाच वर्षं स्वतः गेले. एकदा विंचू चावला. तू फोन उचलला असतास तर सांगितलं असतं.”

मला तिची माफी मागायची होती. ती मागून झाल्यावर ती म्हणाली, “बरं. काकूंना सांगणार काय?”

६

मी दोन दिवस विचार केला. सांगितलं नाही तर आग आपण लावली असं मानतच काकू मरतील. सांगितलं तर पन्नास वर्षांचा संसार त्यांच्या हातातून जाईल. दोन्हींची तुलना करायला माझ्याकडे एकच एकक नव्हतं. शेवटी एवढंच ठरवलं, की त्यांची गोष्ट आहे, माझ्या पर्समध्ये ठेवायचा मला हक्क नाही.

मी पाइप त्यांच्यासमोर ठेवला आणि झाकणापासून दातांपर्यंत, खोट्या नोंदींसकट, सगळं क्रमानं सांगितलं. महानंदा शेजारी बसली होती. काकूंनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर पाइप हातात घेतला आणि वास घेतला. मी तो चांगला स्वच्छ केला होता, तरी लाकडात थोडा वास राहतोच.

“म्हणजे वास खरा होता,” त्या म्हणाल्या.

“हो, काकू.”

“जिन्यात यायचा तो बी?”

“तो पण.”

“सदऱ्याचा?”

मी मान डोलावली.

त्यांनी पाइप खाली ठेवला. “खोटं लिहिलं ते मी समजून घेतलं असतं. पाय दुखायचे त्यांचे, जंगलात जाववत नसंल. आग लावली ते बी.” त्यांचा आवाज तसाच सपाट होता. “पण डॉक्टरकडं हात धरून घेऊन गेले मला. डॉक्टरला सांगितलं, हिला नसलेला वास येतो. खिशात पाइप घेऊन बसले असतील शेजारी.”

महानंदा रडायला लागली. काकू रडल्या नाहीत.

“ही गोळी बंद करू का आता?”

“एकदम नको. डॉक्टरांना विचारून हळूहळू करू. मी येते सोबत.”

“गोवऱ्या मिळतील का गं कुठं? चांगल्या, देशी गाईच्या.”

महानंदानं डोळे पुसून फोन लावला. संध्याकाळपर्यंत तिच्या भावानं गोवऱ्यांचं पोतं आणून टाकलं. काकूंनी मागच्या अंगणात त्या रचल्या, मधे पोकळी ठेवून. काडेपेटी शेजारून आणावी लागली. पहिल्या दोन काड्या त्यांच्या हातात विझल्या. तिसरी धरली.

आग नीट लागल्यावर त्यांनी पाइप उचलला.

“काकू, तो...” मी म्हणाले. आठ दिवस मी त्यावर काम केलं होतं. लाकडावर तेल चढवलं होतं, नळी आरशासारखी काळी झाली होती.

“जळाला म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी?” काकू म्हणाल्या. “मग जळू दे.” मग थांबून विचारलं, “चांदी वितळंल का?”

“नाही. एवढ्या आगीत नाही वितळत.”

“मग ती तुझी.”

त्यांनी पाइप गोवऱ्यांच्या मधे ठेवला. एबोनाइटमध्ये गंधक असतं, त्याचा उग्र वास आला आणि आम्ही तिघी मागे सरकलो. तंबाखूचा वास आला का, हे मी काकूंना विचारलं नाही.

“ही राख घ्यायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “विभूतीसाठी उद्या नव्यानं पेटवीन.”

दुसऱ्या सकाळी मी राखेतून कडं काढलं आणि लिंबानं धुतलं. प्रबंधातला सातवा तक्ता खोटा आहे, असं विद्यापीठाला कळवणारं पत्र मी काकूंच्या टेबलाशी बसून लिहिलं. पत्र वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर कडं ठेवलं. “च. शि.” आता पुसट झालं आहे. “विद्यार्थी” अजून वाचता येतं.